उडी मारू नकोस

९ जानेवारी, गुरुवार
सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची आपल्या घरातली पद्धत आहे, म्हणून लिहिते: इकडे सगळं ठीक आहे. या खेपेला ते खरंही आहे.

बाबा बरे आहेत. काल दुपारी दवाखान्यातून घरी आणलं. खोकला आहे अजून, पण छातीत काही राहिलेलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढून पक्कं सांगितलं. आवाज खणखणीत आहे. आज सकाळी त्यांनी चहात साखर कमी म्हणून मला बोलून घेतलं, मग दूध जास्त म्हणून, आणि शेवटी कपच चुकीचा म्हणून. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्या चुका मुकाट कबूल केल्या.

तू फोनवर जे बोललास ते मी नुसतं ऐकून घेतलं. दवाखान्याच्या जिन्यात उभी होते, अंगात आमच्या कामावरच्या फिटरमामांचा सदरा होता. आत्याने तुला जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नाही. बाबा टाकीत पडले आणि मी पळाले. वेल्डर उडी मारायला निघाला होता, त्याला मी ओरडून थांबवलं, आणि बाबांकडे पाठ फिरवून उलट दिशेला धूम ठोकली. खरं आहे. फक्त आत्याने ते वेल्डरच्या बायकोच्या तोंडून पाहिलंय, आणि वेल्डरच्या बायकोने वेल्डरच्या. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून माझंही एकदा ऐक. फोनवर तू आधी बोलतोस आणि मग ऐकतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तू आमचा सांडपाण्याचा प्लांट पाहिलेला नाहीस. तू शेवटचा आलास तेव्हा ओढ्याकाठी नुसते खड्डे होते आणि गावात भांडणं होती की ही घाण आमच्या दारात नको. आता त्या खड्ड्यांच्या टाक्या झाल्यात आणि भांडणारे संध्याकाळी तिकडेच फिरायला येतात. गावातल्या प्रत्येक मोरीतून, संडासातून जे जातं आणि गेल्यावर कुणाला आठवत नाही, ते सगळं माझ्याकडे येतं. पहिल्यांदा जाळी लागते. तिथे चमचे सापडतात, बाहुल्यांचे हात सापडतात, एकदा दातांची अख्खी कवळी सापडली. तिचा मालक दुसऱ्या दिवशी चौकशी करत आला, धुऊन घेऊन गेला, आणि आजही लग्नकार्यात तीच घालून माझ्याकडे बघून हसतो. मला हसणं परत देता येत नाही.

जाळीच्या पुढे हवेची टाकी. खोल, मोठी, तपकिरी, आणि कायम उकळत असल्यासारखी. आग नाही रे. खालून नळ्यांनी हवा सोडलेली असते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते घाण खातात. खाणाऱ्याला श्वास तर लागणारच, म्हणून पलीकडच्या खोलीतला ब्लोअर सतत गुरगुरत असतो. जीव धडधाकट असले की टाकीला वास येत नाही, नुसता ओल्या मातीसारखा दरवळ येतो. त्यापुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी ओढ्यात जातं. यंदा ओढ्यात पुन्हा मासे दिसायला लागलेत. उरलेला गाळ वाफ्यांवर वाळत घालतो. त्या वाफ्यांवर टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात. बी कुठल्या वाटेने आलं ते तुला सांगायला नको.

बाबा म्हणतात, "पोरीनं शिकून शिकून शेवटी गटारात नाव काढलं." गावातली पोरं मला गटारराणी म्हणतात. पण माझा दुपारचा डबा घेऊन बाबा रोज न चुकता येतात, फाटकाशी देतात, आणि निघताना प्रत्येक वेळी एक खोड काढून जातात. फाटकाची बिजागरी वाकडी. पाटी तिरकी. सुतार निवृत्त झाला तरी त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत.

सोमवारी हवेच्या टाकीवरच्या पुलाचा कठडा बदलायचं काम चाललं होतं. जुना गंजून गेला होता. वेल्डरने एका टोकाला नवा कठडा बसवला होता, मधला जुना तुकडा कापून काढला होता आणि नवा बसवेपर्यंत तिथे नुसती दोरी बांधलेली होती. मी टाकीतलं पाणी तपासायला बाटलीत भरून घेत होते. बाबा फाटकाशी थांबले नाहीत. डबा हातात घेऊन सरळ पुलावर आले. परक्या माणसाने तिथे यायचं नाही असा नियम आहे. पण बाबांना परका माणूस कोण म्हणणार? मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, मागे व्हा, ठिणग्या उडतायत."

ते म्हणाले, "तुमचा कठडा वाकडा बसतोय."

वेल्डर म्हणाला, "काका, लेव्हल लावून बसवलाय."

"लेव्हल तुझ्या हातात असेल, माझी डोळ्यात आहे," असं म्हणून बाबांनी एक डोळा मिटला. आठवतंय ना तुला, फळीची धार सरळ आहे का बघताना कसे करायचे? डोकं कलतं, एक डोळा बंद, आणि एक पाऊल मागे. ते एक पाऊल मागे गेले. मग धार नीट दिसेना म्हणून आणखी एक.

दोरीने काही धरलं नाही. डबा पुलावर पडला आणि बाबा टाकीत.

आता नीट वाच. तू मला म्हणालास, "तुला पोहता येतं ना? बाबांनीच शिकवलं ना? मग?" मला येतं. वेल्डरलाही येतं. बाबांसारखा पोहणारा तर या गावात झाला नाही. पण त्या टाकीत कुणालाच पोहता येत नाही, दादा. खालून इतकी हवा येत असते की ते धड पाणीच राहात नाही. हात मारला तर हाताला काही लागत नाही. माणूस फेसातून खाली जावा तसा जातो. मी प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकांनी टाकीच्या काठावर उभं करून आम्हाला सांगितलं होतं: यात कुणी पडलं तर मागोमाग उडी मारणारा शूर नसतो, दुसरं प्रेत असतो. आधी हवा बंद करा. आम्ही सगळे माना डोलावून पुढच्या टाकीकडे गेलो होतो.

हवा बंद करायचं बटण ब्लोअरच्या खोलीत आहे. पूल संपून, जिना उतरून, टाकीला वळसा घालून.

बाबांचं डोकं एकदा वर आलं. तोंड उघडं होतं, ते काहीतरी ओरडत होते, पण ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मग डोकं गेलं. वेल्डरने तोंडावरचा मुखवटा फेकला आणि सदरा काढायला लागला. मी किंचाळले, "उडी मारू नकोस! हात लावू नकोस! इथेच थांब!" आणि पळाले.

ते पळणं मी तुला कसं सांगू? बाप मागे, आणि पाय पुढे. प्रत्येक पावलाला वाटत होतं, वळ, वळ. जिन्यावर गुडघा फुटला, तो संध्याकाळी कळला. माझ्या मागे वेल्डर ओरडत होता, "अहो ताई, कुठं पळताय! अहो, बाप आहे तुमचा!" ते मात्र ब्लोअरच्या आवाजातही ऐकू आलं. हे कसं, मला माहीत नाही.

लाल बटण. मी ते तळहाताने मारलं आणि नंतरही दाबून धरलं, जणू हात काढला तर ते पुन्हा सुरू होईल.

प्लांट गप्प झाला. मी तिथे नोकरीला लागल्यापासून ब्लोअर असा अचानक कधीच गप्प झालेला नव्हता. झाडावरचे पक्षी ऐकू आले. भिंतीवरची तरंगायची रिंग ओढून घेऊन मी परत पळाले. कोपऱ्यावर आले तर टाकी सपाट. बुडबुडे विरत चाललेले. आणि मधोमध बाबा. उताणे, हात पसरलेले, नाक वर. नदीत आपल्याला शिकवायचे तसे. पाण्यावर भरवसा टाका, ते धरतं, असं म्हणायचे ना. पाणी पुन्हा पाणी झालं होतं आणि त्याने त्यांना धरलं होतं.

रिंग मी फेकली, ती वेल्डरच्या डोक्याला लागली. तोवर फिटरमामा जाळीकडून धावत आले होते, त्यांनी दुसऱ्यांदा नीट फेकली. तिघांनी मिळून ओढलं. बाबा काठावर आले ते आपल्या पायांवर उभे राहायला बघत होते. ओकले, खोकले, मग वेल्डरकडे बोट करून म्हणाले, "वाकडाच आहे."

वेल्डर खाली बसून रडला. मोठा धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा. दवाखान्यात जाताना गाडीत फिटरमामांनी त्याला हवेचं सगळं समजावलं, पण त्याआधीच त्याने बायकोला फोन केला होता. गाव पुढे पळालं आणि खरं मागून लंगडत आलं. आता तोच घरोघर जाऊन सांगतोय की ताईंनी बापाला वाचवलं आणि मलाही. आत्या काल येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तुला पुन्हा फोन केलाय का, माहीत नाही. चूक कबूल करायला तिला जरा वेळ लागतो.

बाबा हाक मारतायत. औषधाची वेळ झाली. उरलेलं दुपारी.


दुपार

बाबा झोपलेत. घोरतायत. त्या घोरण्यावर मी किती वर्षं चिडत आले, आणि आज दार उघडं ठेवून बसलेय.

नगरपालिकेचे मुख्याधिकारी साहेब आत्ता येऊन गेले. बाबांना फळं, मला नोटीस. परक्या माणसाला पुलावर येऊ दिल्याबद्दल. नोटीस हातात देऊन म्हणाले, "बाई, ही घ्या. आणि जे केलंत त्याबद्दल माझ्या बायकोनं तुम्हाला जेवायला बोलवलंय." टाकीच्या काठावरच हवा बंद करायचं बटण बसवायचा हुकूमही काढलाय. माझं निम्मं आयुष्य त्या बटणासाठी अर्ज करण्यात गेलं होतं. फिटरमामा म्हणतात, काकांनी एका बुडीत काम केलं.

दादा, सकाळी तुला सगळं सांगितलं असं वाटतंय, पण नाही सांगितलं. सांगायचं होतं तिथेच मी पक्ष्यांचा आवाज ऐकू आला असं लिहून पुढे सरकले.

ब्लोअर बंद झाल्यावर आधी बाबांचा आवाज ऐकू आला. पक्षी नंतर. मी अजून बटणावर हात ठेवून उभी होते. ते हाक मारत होते, आणि ती हाक मला नव्हती. ते ओरडत होते, "भोपळ्या! ए भोपळ्या!"

मी या घरात राहते. मी त्यांचा चहा करते, त्यांची बोलणी खाते, त्यांच्या गोळ्या मोजते. तुमचं दोघांचं आईच्या तेराव्याला जे झालं त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस आणि त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलं नाही. तुझा विषय निघाला की "तो" म्हणतात. तेही क्वचित. भोपळ्या हे नाव तर मीच विसरले होते. तुला पहिल्यांदा नदीत घातलं तेव्हा पाठीला सुका भोपळा बांधला होता आणि तू भोपळ्यासकट त्यांच्या गळ्याला मिठी मारून बसलास, सोडीचनास. त्यावरून पडलेलं नाव.

बुडताना त्यांना तू आठवलास.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तेव्हा नाही, तेव्हा वेळ नव्हता. रात्री दवाखान्याच्या नळावर हात धूत होते, नखांतून ती तपकिरी घाण निघत होती, तेव्हा वाटलं. खूप वाटलं. असं वाटलं की मी पळाले ती कुणासाठी. मग डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "झोपले हो, श्वास छान चाललाय," आणि माझं ते सगळं वाईट वाटणं कुठच्या कुठे गेलं. उरलं फक्त एवढंच की हे तुला कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बाबा, पाण्यात तुम्ही कुणाला हाक मारत होता?"

"कुणाला मारणार? भोपळा मागत होतो. तरंगायला."

"तुम्ही? पट्टीचा पोहणारा माणूस भोपळा मागतो?"

"म्हातारपणी मागतो."

"भोपळा नाही म्हणालात. भोपळ्या म्हणालात. आणि ए म्हणालात."

"कानात पाणी माझ्या गेलं होतं की तुझ्या?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी संत्रं सोलत बसले. मला वाटलं झोपले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलायला लागले.

"तुझी आई शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली होती, मला गाडीत घालू नका. पोराच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊ नका. या खिडकीतून दिसतंय तेवढं मला पुरे. मी म्हटलं बरं."

मी तेव्हा प्रशिक्षणाला गेले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

"मग तो आला," बाबा म्हणाले. "आरडाओरडा केला. हलवा तिला, आत्ताच्या आत्ता हलवा. तोवर ती बोलायच्या पलीकडे गेली होती. मी हललो नाही."

"तुम्ही दादाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझ्याकडे यायचं तिच्या मनात नव्हतं, असं सांगू? ती म्हणाली होती, पोरानं शहरात सगळं ठरवून ठेवलंय, त्याच्या जिवाला लागेल, त्याला कळू देऊ नका. तुमच्यावर रागावला तर रागावू दे, तुमची पाठ रुंद आहे."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"तिचं कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, एकदा ऐकावं."

दादा, तू बाबांना म्हणालास, तुम्ही आईला मारलंत, आणि ते तुझ्याकडे नुसते बघत राहिले. मी दाराआड होते. मला वाटलं होतं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहेत. तुलाही तेच वाटलं. वाटणारच. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, "हे मी दादाला लिहू?"

ते म्हणाले, "तुझ्या आईला मी वचन दिलंय. मी काही लिहिणार नाही." मग भिंतीकडेच बघत, "तू कुणाला वचन दिलेलं नाहीस." मग ताबडतोब, "तुझं ते मशीन सुरू केलंस का? नाहीतर तुझे ते किडे मरायचे."

मशीन फिटरमामांनी त्याच दिवशी सुरू केलं होतं. मी आज सकाळी प्लांटवर जाऊन आले. पुलावर कठड्याला घट्ट धरून चालले. पण टाकीवरून तो ओल्या मातीचा दरवळ येत होता, फेस पांढरा होता, सगळं जिवंत होतं. कठड्याला डोळा लावून बघितलं. खरोखरच किंचित वाकडा आहे. वेल्डर म्हणतो, काढून पुन्हा लावतो. मी म्हटलं, काका हिंडायला लागले की त्यांनाच बोलवा, पण फाटकाबाहेरून.

हे वाचून तुझ्या जिवाला लागेल, मला माहीत आहे. आईने जे जपलं तेच मी मोडतेय. पण आईच्या शब्दाखातर बाबा इतकी वर्षं तुला ज्याच्यापासून वाचवत होते त्यात तू आणि बाबा दोघंही चाललात खाली. मला दुसरं बटण सुचलं नाही. तू रडलास तर रड. वहिनीला वाचायला दे. स्वतःला बोल लावत बसू नकोस, त्याला या घरात आता कुणाला वेळ नाही.

ये असं मी म्हणत नाही. ये म्हटलं की तू रजा, गाडी, पोरांच्या परीक्षा काढशील. एवढंच कर. बाबा दुपारी जेवण झालं की खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. मी उद्यापासून कामावर जाणार, फोन त्यांच्या हाताशी ठेवून जाणार. तू लाव. ते उचलतील. आधी काहीच बोलणार नाहीत, मग कोण बोलतंय म्हणून विचारतील, जसं काही त्यांना कळलंच नाही. तू नाव सांग. दादा म्हणून नाही, ऑफिसातलं नाव म्हणूनही नाही. ज्या नावाने त्यांनी हाक मारली, ते सांग.

पक्ष्यांच्याआधी मी ऐकलेली ती हाक तुझ्याकडे पोचवली. आता मी मोकळी.

तुझी,
धाकटी